काळी चौकट, शाबूत कोपरे

कर्जत तालुक्यात मुद्रणकलेला ज्यांनी शास्त्रशुद्ध बैठक दिली, त्यांमध्ये आमच्या छापखानेवाल्या शेटचं नाव पहिलं घ्यावं लागेल. दुसरं घेता येत नाही, कारण माझ्या माहितीप्रमाणे तालुक्यात तेव्हा छापखाना एकच होता.

तो स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर होता. एका बाजूला सायकलचं दुकान, दुसऱ्या बाजूला भाताची गिरणी. गिरणी सुरू झाली की कोंडा उडायचा आणि ओल्या शाईवर बसायचा. लग्नपत्रिकेवर तो चमकीसारखा दिसे. लोक खूश होत. शेट होत नसत. "पत्रिकेत कोंडा लिहिला होता का?" असं ते गिरणीवाल्याला विचारत. घाट चढायला गाडीच्या मागे इंजिन जोडलं जाई तेव्हा सगळी इमारत थरथरे. तेवढा वेळ ते ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छापयंत्र, थांबवून हात जोडून उभे राहत. नवख्या माणसाला वाटे, गृहस्थ मोठा भाविक आहे. प्रत्यक्षात केसमधले, म्हणजे टाइपाच्या पेटीतले, खिळे एकमेकांच्या खणात उडतात का, याकडे त्यांचं लक्ष असे.

मी तिथल्या हायस्कुलात मास्तर होतो आणि संध्याकाळी त्यांची प्रुफं वाचत असे. मोबदल्यात चहा मिळे आणि मतं मिळत. चहा बरा असे.

मतं म्हणजे खरं तर एकच होतं. कागदावरच्या प्रत्येक गोष्टीनं आधी आपण कोण ते सांगावं. ती कशी दिसावी हे मग आपोआप ठरतं. यासाठी त्यांनी खुणांची एक पद्धत तयार केली होती. गिऱ्हाइकानं आणलेल्या मजकुरावर, जिथं एखादी गोष्ट सुरू होते तिथं लाल पेन्सिलीची खूण आणि संपते तिथं निळी. लाल खुणेशेजारी ती गोष्ट कोण आहे ते लिहायचं. वधू. वर. स्थळ. वेळ. निमंत्रक. लाल उघडली की निळीनं बंद झालीच पाहिजे. नाही झाली, तर तो कागद त्यांच्या लेखी कागदच नसे. ते तो परत करत. माझ्या देखत त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका आमच्या हेडमास्तरांना परत केली होती, कारण 'प्रमुख पाहुणे' उघडले होते आणि बंद केले नव्हते. हेडमास्तर म्हणाले, पाहुणे अजून ठरायचे आहेत. ते म्हणाले, "मग उघडले कशाला?"

गिऱ्हाइकं साधी असत. त्यांना एवढंच म्हणायचं असे की मोठं करा, जाड करा. हे दोन शब्द शेटना खपत नसत. नदीपलीकडच्या गावचे एक पाटील मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तो संवाद मला जवळजवळ पाठ आहे.

"ह्ये नाव मोठं छापा," पाटील म्हणाले.

"का?"

"का म्हंजे? मोठं छापा."

"नाव कोणाचं?"

"माझं."

"लग्न तुमचं आहे?"

"पोराचं हाय."

"मग या कागदात तुम्ही कोण?"

पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, मी कोन ते सांगा जरा यांना."

"मला माहीत आहे तुम्ही कोण," ते म्हणाले. "कागदाला माहीत नाही. तुम्ही वरपिता. वरपित्याचं नाव केवढं, ते ठरलेलं आहे."

"कोनी ठरवलं?"

त्यांनी मान न वळवता पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं कोष्टक होतं.

हे कोष्टक त्यांनी स्वतः जुळवून स्वतः छापलं होतं आणि काचेत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. उदबत्ती दोघांना मिळून एक असे. जगातल्या छापील कागदाचे त्यात पाच प्रकार होते. शुभकार्य: गुलाबी किंवा पिवळा कागद, माथ्यावर गणपतीचा ब्लॉक, हळदकुंकू लावायला चारही कोपरे मोकळे. निधन: पांढरा कागद, काळी चौकट, एक कोपरा हातानं फाडलेला. इशारा: पांढरा कागद, काळी चौकट, चारही कोपरे शाबूत. व्यवहार: चौकट नाही. करमणूक: वेलबुट्टी चालेल. 'चालेल' हा शब्द पूर्ण कोष्टकात त्या एकाच ठिकाणी होता.

"कागदानं दारात उभं राहून आधी सांगावं, मी कोण," ते म्हणत. "आत काय आहे, ते बसल्यावर."

त्या पाटलांचा पुतण्या मुंबईत एका बँकेत होता. वरपित्याच्या नावाचा अपमान त्याला सहन झाला नाही. पत्रिकेवर खुणा मीच करतो, त्यात एवढं काय, असं म्हणून त्यानं लाल-निळ्या पेन्सिली घरी नेल्या. खुणा त्यानं बऱ्या केल्या, फक्त 'आपले नम्र' उघडल्यावर निळी खूण करायची राहिली. यांनी या वेळी कागद परत केला नाही. जशा खुणा होत्या तसे खिळे जुळवले आणि सगळ्या पत्रिका छापून टाकल्या. आपले नम्र म्हणून काका, मामा आणि समस्त पाटील परिवार यांच्याखाली त्याच टायपात आणि त्याच ओळीनं मारुतीच्या देवळासमोरचा मांडव होता, त्याच्याखाली दुपारचे साडेबारा होते, आणि सगळ्यांत शेवटी 'आहेर आणू नये' हे नम्रपणे उभं होतं.

प्रूफ माझ्या हातून गेलं होतं. मी त्यांना म्हटलंही होतं की हे चुकलंय.

"तुम्ही प्रूफ वाचता," ते म्हणाले. "खुणा वाचत नाही. माझ्या हातात खूण येते, मास्तर. गिऱ्हाइकाचं मन येत नाही."

पाटलांनी आरडाओरडा केला. पुतण्यानं इंग्रजीत केला. यांनी दोघांचं ऐकून घेतलं, निळी पेन्सिल पुढे केली, पुतण्यानं ती खूण केली, आणि सगळ्या पत्रिका त्यांनी मुकाट्यानं पुन्हा छापून दिल्या. जुन्या मात्र रद्दीत टाकू दिल्या नाहीत. मुंज, बारसं, गृहप्रवेश, ज्याचं काही छापायचं असेल त्याला आधी त्यांतली एक वाचायला मिळे.

खोपोलीला एक छापखाना होता. तो खालापूर तालुक्यात मोडतो, म्हणून पहिल्या वाक्यात मी तो धरला नाही. त्याच्या मालकाचं ब्रीद एकच होतं: चालतंय. मजकूर पेन्सिलीनं लिहिलेला असो, सिगारेटच्या पाकिटावर असो, तोंडी असो, चालतंय. जे नसेल ते तो अंदाजानं घाले. साजगावच्या कारखान्यांचं सगळं काम त्याच्याकडे जाई. त्यानं छापलेल्या एका पत्रिकेत वधूचंच नाव नव्हतं आणि तरी लग्न त्याच मुलीशी लागलं. हे उदाहरण मी एकदा यांना ऐकवलं. तशी लग्नं लागतात हे त्यांना ठाऊक होतं. तो पुरावा आहे असं ते मानत नसत.

छापखान्यात ट्रेडल मारायला तुकाराम नावाचा माणूस होता. तो दिवसभरात चार वाक्यं बोले आणि त्यातली तीन मशीनला उद्देशून असत. आणि पायरीवर, बाजाराच्या दिवशी, बुधीबाई असे. ती ठाकर आदिवासींतली. कशेळ्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला तिची वाडी. वैशाखात करवंदं, ज्येष्ठात जांभळं, एरवी पळसाची पानं घेऊन ती कर्जतला यायची आणि परतीच्या एस.टी.ची वाट बघत छापखान्याच्या पायरीवर टेकायची. उरलेली करवंदं ते घेत. त्यांना गोड वर्ज्य होतं, आंबट सोसत नसे. करवंदं तुकाराम खाई. त्या निमित्तानं बुधीबाईशी बोलणं होई. कागदातलं तिला कुतूहल होतं.

"ह्यो लाल कागद कसला, शेट?"

"लग्नाचा."

"कोनाच्या?"

"नाव वाचलं तर कळेल."

"मंग तुमी वाचा की. मी बसलेय."

तिच्या वाडीत कोणाला वाचता येत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. खालच्या गावांतले शेतकरी लावणी-कापणीच्या ओळखीनं लग्नाला बोलावत, तो कागद गुलाबी असे. मग वाडीतलं कोणीतरी खाली जाऊन दिवस विचारून येई. कोणी गेलं तर काळा कागद येई. तो दारातच फाडायचा, पाण्यात सोडायचा, आंघोळ करायची आणि त्या घरी जाऊन बसून यायचं. वरच्या वाड्यांना कागद असे दोनच ठाऊक होते. कोष्टकात पाच होते. उरलेले तीन खाली कर्जतलाच राहिले आहेत, हे कोष्टक करणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला कोष्टक गमतीचं वाटत होतं.

त्या वैशाखात विहिरी लवकर आटल्या. वाड्यांतली माणसं ओढ्याच्या डबक्यातलं पाणी प्यायला लागली आणि कॉलरा आला. कशेळ्याच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच आले होते. ते मजकूर घेऊन छापखान्यात आले: ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, मंगळवारी सगळ्यांनी कशेळ्याला येऊन सुई टोचून घ्या. त्यांनी तिथंच बसून लाल-निळ्या खुणाही नीट केल्या. इतकं शहाणं गिऱ्हाईक छापखान्यात प्रथमच आलं होतं. यांनी दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. पांढरा कागद, ठसठशीत काळी चौकट, चारही कोपरे शाबूत. माझ्या पाहण्यातलं ते त्यांचं सर्वांत देखणं काम. दवाखान्याचा शिपाई गठ्ठा घेऊन वर गेला आणि वाडी-वाडीत घरटी एक कागद देऊन आला.

मंगळवारी खालच्या गावांतली माणसं आली. वरच्या वाड्यांतलं एक माणूस आलं नाही.

बुधवारी सकाळी बुधीबाई छापखान्यात आली. बाजाराचा दिवस नव्हता आणि डोक्यावर पाटी नव्हती. ती पायरीवर बसली, पदर तोंडावर ओढला आणि गळा काढून रडायला लागली. शाळेला सुट्टी होती, मी तिथंच होतो. सायकलच्या दुकानातले लोक बाहेर आले. शेट खिळ्यांची केस सोडून उठले, पायरीशी गेले आणि अवघडून उभे राहिले.

"रडू नको गं," ते म्हणाले. "कोण गेलं तुझं?"

बुधीबाईनं पदर बाजूला केला. "माझं? माझं कोन जाईल? तुमचंच गेलं नवं?"

"माझं कोणी गेलं नाही."

"असं कसं? शिपाई म्हनला, शेटकडनं आलाय. काळा कागद धाडलात की घरोघर. म्या म्हनलं, शेटचं मानूस गेलं, वाडीतलं कोन जातंय का नाय, आपन तरी जावं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कागद कुठं आहे?"

"फाडला. ओढ्यात सोडला."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. मंग आंघोळी केल्या. पोरांनाबी घातल्या."

"कुठल्या पाण्यानं?"

"त्याच. दुसरं पानी हाय कुठं?"

"बुधीबाई, ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, असं होतं त्या कागदात."

"मंग तसं सांगायचं व्हतं. काळा कशाला केलात?"

"काळा म्हणजे इशारासुद्धा असतो. कोपरा फाटका नव्हता. चारही कोपरे…" कोष्टकाकडे पाठ करून त्यांना बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग ती सहज म्हणाली, "लेकीच्या पोराला कालपासनं हगवन लागलीय. तुमच्याकडं यायचं म्हनून त्याला ठिवून आले."

त्यांनी सदरा अडकवला. छापखाना ते कधीच दिवसा बंद करत नसत. त्या दिवशी तुकारामाला नुसतं "बघ" म्हणाले आणि तिच्याबरोबर कशेळ्याच्या एस.टी.त बसले. मीही गेलो. डॉक्टरांनी जीप काढली, जिथं रस्ता संपला तिथून आम्ही चालत वाडीवर गेलो. पोराला झोळीत घालून खाली आणलं. तो वाचला. शेजारच्या झोपडीतली एक म्हातारी आणि एक लहान मुलगी वाचल्या नाहीत. त्यांचे कागद कोणी छापले नाहीत; वाडीत तशी पद्धत नव्हती.

दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टर म्हणाले, "रविवारपर्यंत वरच्या सगळ्या वाड्या खाली आल्या पाहिजेत. दवंडी पिटून झाली, दवंडी ऐकून पळतात. त्यांना कागद हवाय. गुलाबी काढा. वर गणपती टाका. दिवस शिपाई सांगेल."

"ते शुभकार्य नाही."

"लोक येतील."

"लग्नाला येतील."

"कशाला का येईनात. आल्यावर टोचू."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं एक अक्षर नाही. मजकूर तोच. फक्त वर गणपती."

"तेच पहिलं अक्षर आहे, डॉक्टर. ते खोटं असलं तर खालचं खरं असून काय करायचं?"

"खालचं तिथं कोणी वाचत नाही," डॉक्टर म्हणाले. ते दमले होते. "तुमच्याच्यानं होत नसेल तर खोपोलीला जातो. तिथं चालतंय."

छापखान्यात परत आल्यावर शेट कोष्टकासमोर जाऊन बसले. मला वाटलं, आता माणूस कोष्टकाच्या बाजूनं काहीतरी भव्य बोलणार, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. पण ते उठले आणि गणपतीचा ब्लॉक फडक्यानं पुसायला लागले.

"गुलाबी किती आहे?" त्यांनी तुकारामाला विचारलं.

"पुरतंय," तुकाराम म्हणाला.

कागद निघाले तसे त्यांनी वाळत घातले आणि वाटीत हळद-कुंकू कालवून एकेका कागदाच्या चारही कोपऱ्यांना बोट लावायला बसले. मी म्हटलं, मी लावतो. ते म्हणाले, "नको. हे कोणी केलं, ते एकाच माणसाच्या नावावर राहू दे."

रविवारी वाड्या खाली आल्या. मी कशेळ्याला मुद्दाम गेलो होतो. नवी लुगडी, केसात फुलं, पोरांच्या डोळ्यांत काजळ. एका वाडीनं तारपा वाजवणारा आणला होता. दवाखान्याच्या अंगणात म्हातारे ऐसपैस बसले आणि मांडव कुठाय म्हणून विचारायला लागले.

"नवरा कंचा?" एकानं शिपायाला विचारलं.

शिपायानं डॉक्टरांकडे बोट केलं.

"आनि नवरी?"

डॉक्टर सुई उकळत होते. त्यांनी ती वर धरली.

कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या, काही मागच्या बाजूनं निघूनही गेले. पण आलेल्यांना परत पाठवणं जसं लग्नात बरं दिसत नाही, तसं आल्यावर नुसतं जाणंही बरं दिसत नसावं. बहुतेकांनी दंड पुढे केला. त्यानंतर वरच्या वाड्यांतून कॉलऱ्यानं माणूस गेल्याचं मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना गूळ-चणे वाटले. जेवण नव्हतं याबद्दल मात्र पुढे कितीतरी दिवस बोललं जात होतं.

शेट त्या दिवशी आले नव्हते. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "किती जणांनी विचारलं, लग्न कोणाचं?"

"सगळ्यांनी."

"हं," ते म्हणाले.

युक्ती लपून राहत नाही. पुढच्या निवडणुकीत एका उमेदवाराची पत्रकं गुलाबी आली, माथ्यावर गणपती, कोपऱ्यांना कुंकू. ती खोपोलीची होती. मग एका सोसायटीची नोटीस तशी आली. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात तशी आली. कोणाचा कागद कोणता, हे कागदावरून कळेनासं झालं. मग दोन वर्षांनी त्याच पाटलांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका यांनीच छापली. गुलाबी, गणपती, वरपिता ठरल्या आकाराचा, निळ्या खुणा सगळ्या जागेवर. पाटलांचा गडी ती घेऊन वरच्या वाड्यांवर गेला; लावणीला तिथलीच माणसं पिढ्यान्पिढ्या पाटलांकडे येत. गुलाबी कागद दिसताच सगळी वाडी रानात पळाली. त्यांना वाटलं, सुई आली.

लग्नाला वरून कोणी आलं नाही. भाताची टोपं तशीच राहिली. पाटील छापखान्यात आले आणि या वेळी ओरडले नाहीत.

"चार पिढ्यांची मानसं माझी," ते म्हणाले. "पयल्यांदा माझ्या दारात जेवली नाय. तुमचा गनपती खोटा पडला, शेट."

पाटील गेल्यावर स्टुलावर चढून यांनी कोष्टक उतरवलं. मी म्हटलं, अहो, त्या गणपतीनं माणसं वाचली. ते म्हणाले, "वाचली ना. मी कुठं नाही म्हणतो?" आणि काच पुसून कोष्टक भिंतीकडे तोंड करून कागदाच्या रिमांमागे ठेवून दिलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. उदबत्ती आता गणपतीला एकट्याला मिळू लागली.

त्यानंतरचे ते मला बघवत नसत. खुणा मागणं त्यांनी सोडलं. लाल-निळ्या पेन्सिली तुकाराम मशीनच्या भागांवर खुणा करायला वापरू लागला. एकदा कोणीतरी आलं आणि म्हणालं, "हे नाव मोठं करा." मी प्रूफ खाली ठेवून वाट बघत बसलो.

"किती मोठं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या खुणांचा मी वर्षानुवर्षं थट्टेनं उल्लेख करत आलो होतो. तो प्रश्न ऐकल्यावर थट्टा करायला काही उरलं नाही. छापखाना आता बरा चालू लागला होता, हेही खरं आहे.

एक शिकवणी मात्र त्यांनी सोडली नाही. बुधीबाई पायरीवर टेकली की ते एक पांढरा कागद घेत, त्यावर काळ्या शाईनं चौकट ओढत आणि तिच्यासमोर धरत.

"हा काय?"

"पानी उकळा."

मग ते एक कोपरा फाडत. "आता?"

"आता मानूस गेलं."

"बरोबर. काळ्याला भिऊ नको. कोपरा बघ."

"बघते की, शेट. तुमी दर खेपंला त्येच इचारता. मी काय साळंतली पोर हाय?" ती हसे आणि तुकारामाला करवंदं देई. काळी चौकट, शाबूत कोपरे, असा कागद त्यानंतर त्यांनी कोणासाठीच छापला नाही. तशी मागणीच आली नाही. तरी शिकवणी चालू होती. एका माणसाला जरी येत असेल तर पद्धत मेली नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मत ऐकावं लागलं असतं, असं तेव्हा वाटे. आता वाटतं, ऐकलं असतं.

वर्षं गेली. ऑफसेट आलं, खोपोलीचा प्रेसवाला त्यातही पहिला. मी निवृत्त होऊन कर्जतमध्येच राहिलो. ते एका वैशाखात गेले, झोपेत. मूलबाळ नव्हतं. त्यांचा पुतण्या ठाण्याहून आला आणि म्हणाला, निधनपत्रिका खोपोलीला टाकतो, संध्याकाळपर्यंत मिळतील. तुकाराम त्या दिवशीचं पहिलं वाक्य बोलला. "मी काढतो," तो म्हणाला. बरेच दिवस बंद असलेलं ट्रेडल त्यानं तेल घालून चालू केलं. पांढरा कागद, काळी चौकट. पुतण्यानं म्हटलं, काकांचं नाव जरा मोठं करा. तुकारामानं केलं नाही.

टपालानं पाठवायच्या पत्रिकांचा एकेक कोपरा आम्ही दोघांनी बसून फाडला. एक तुकारामानं छापखान्याच्या बंद दारावर चिकटवली.

पंधरा-वीस दिवसांनी मी बाजारातून येत होतो. बुधीबाई पायरीवर बसली होती. पाटीत करवंदं होती. आता ती फार म्हातारी झाली होती. झोळीतून खाली आणलेला तो नातू माथेरानला एका हॉटेलात कामाला होता.

"मास्तर, शेट उघडनार कदी?" तिनं विचारलं. "मागल्या बाजारालाबी बंद व्हतं."

मी दाराकडे हात केला.

"त्यो बघितला मी," ती म्हणाली. "मागल्या बाजारालाच बघितला. घरी गेले आनि पानी उकळाया घेतलं. लेक म्हनली, म्हातारीला याड लागलं, पाऊसपानी नाय, रोग नाय, पानी कशाला उकळते. म्या म्हनलं, शेटनी लावलाय कागद, शेट उगी लावायचं नाय. अजून किती दिस उकळायचं, मास्तर? लाकडं संपाया आली."

मी दारावरच्या कागदाकडे पाहिलं. चिकटवायच्या गडबडीत तुकारामानं कोपरा फाडलेला नव्हता. काळी चौकट होती. चारही कोपरे शाबूत होते.

मी पायरी चढलो आणि उजवीकडचा वरचा कोपरा नखानं धरून फाडायला लागलो. बुधीबाई बघत होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि हळूहळू पदर डोक्यावरून पुढे ओढला.

कोपरा अर्धाच निघाला. तुकारामानं खळ चांगली घट्ट शिजवली होती.